कृष्णधवल फोटोत रंग भरण्याआधी कुंकू पाहा

जुन्या फोटोत आजीच्या कपाळावरचे कुंकू काळे कुळकुळीत दिसते आणि मागचे आकाश मात्र पांढरेफटक. यात फोटोग्राफरची चूक नाही. तेव्हा फोटो फिल्मऐवजी रसायन लावलेल्या काचेवर काढत, आणि त्या काळच्या काचेला लाल रंग दिसतच नव्हता. रंग भरायला बसणारे बहुतेक जण ही गोष्ट लक्षात न घेता ब्रश हातात घेतात, आणि मग विधवेचे लाल आलवण काळे होते, निळे कापड पांढरे होते, गोऱ्या माणसाचा चेहरा मातकट होतो. म्हणून आधी फोटो कशावर काढला आहे ते ओळखायचे, मग रंगाचा पुरावा शोधायचा आणि सगळ्यात शेवटी रंग भरायचा.

काच कोणती, ते ओळखा

एकोणिसाव्या शतकातल्या कोलोडियनच्या ओल्या काचा आणि नंतरच्या साध्या कोरड्या काचा फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने रासायनिक रंगद्रव्य मिसळून काचेला हिरवा प्रकाशही दिसेल अशी युक्ती शोधली. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा आल्या. तरीही लाल रंग त्यांना दिसत नव्हताच. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. पण ऑर्थो काच लाल दिव्याखाली डोळ्यांनी बघत धुता येते, त्यामुळे स्टुडिओंमध्ये ती पुढेही बरीच वर्षे टिकली. फोटोच्या वर्षावरून काच ठरवू नका, फोटोतूनच ओळखा.

ओळखण्यासाठी ज्यांचा रंग ठाऊक आहे अशा वस्तू बघा. कुंकू आणि ओठ काळपट, आकाश कोरे, सोन्याचे दागिने निस्तेज असतील तर काच साधी किंवा ऑर्थो. कुंकू मध्यम करडे, ओठ जवळजवळ चेहऱ्याच्याच छटेचे असतील तर पॅनक्रोमॅटिक. झेंडूचा हार असेल तर तोही उपयोगी पडतो: साध्या काचेवर पिवळा-केशरी झेंडू गडद उमटतो, पॅनवर उजळ. लोकमान्य टिळकांची पगडी लाल होती, पण त्यांच्या फोटोंत ती गडद दिसते, ती याच कारणाने.

हे ठरले की करड्या छटा वाचता येतात. ऑर्थो फोटोत लुगड्याचे काठ अंगापेक्षा बरेच गडद असतील तर हिरव्या अंगावर लाल काठ ही शक्यता धरता येते. पॅनवर लाल आणि हिरवा बऱ्याचदा सारखेच दिसतात, तिथे छटेवरून काहीच ठरवता येत नाही.

रंगाचा पुरावा

करडी छटा फार तर शक्यता कमी करते, रंग सांगत नाही. गडद नऊवारी म्हणजे चंद्रकळा असू शकते, हिरवे लुगडे असू शकते, लाल इरकलीही. केशवपन केलेल्या विधवेचे गडद वस्त्र मात्र काळे नसून आलवण असण्याची शक्यता फार मोठी, म्हणजे तांबडे. इथे चुकीचा रंग भरला तर त्या बाईच्या आयुष्याबद्दलच खोटे सांगितल्यासारखे होते, म्हणून कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या आहेत का हे कापडाच्या आधी तपासा.

घरातल्या ट्रंकेत जुने लुगडे, शेला, खणाची चोळी शिल्लक असेल तर ती दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून फोटो काढा. बाहेरून विटलेल्या कापडाचा मूळ रंग शिवणीच्या आत किंवा घडीच्या पोटात टिकून असतो, तिथला नमुना घ्या. वडीलधाऱ्यांना विचारताना “रंग कोणता होता?” एवढेच विचारू नका, चार-पाच रंगांचे तुकडे समोर ठेवा आणि दोन वेगळ्या व्यक्तींना वेगवेगळे विचारा. घरात काहीच नसेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या जुन्या वस्तू आणि महादेव विश्वनाथ धुरंधर यांची चित्रे बघण्यासारखी आहेत. १८६७ ते १९४४ या काळातल्या या चित्रकाराने इथल्या बायकांचे पोशाख मोठ्या बारकाईने रंगवले आहेत.

सार्वजनिक प्रसंगांच्या फोटोंत तारीख रंग ठरवते. १९२० च्या दशकातल्या काँग्रेसच्या सभेतला झेंडा केशरी-पांढरा-हिरवा रंगवला तर ते चूक आहे. १९२१ नंतरच्या चरख्याच्या झेंड्यात वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली लाल पट्टा होता. केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा हे रूप १९३१ चे; अशोकचक्र २२ जुलै १९४७ नंतरचे. १ जून १९३० ला सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला सात-सात डब्यांचे दोन रेक होते, एक रुपेरी आणि लाल पट्ट्यांचा, दुसरा गडद निळा आणि सोनेरी रेघांचा. निळा रंग ऑर्थोवर फिका पडत असल्याने डबे उजळ दिसले म्हणून रुपेरी धरू नका. रुपेरी अंगावरची लाल पट्टी जवळजवळ काळी उमटते, ती खूण शोधा.

फोटोवर आधीच कुणी हाताने रंग दिलेला असेल तर तो पुरावा मानू नका. स्टुडिओतला रंगारी गिऱ्हाइकाला आवडेल तसा रंग देत असे.

स्कॅन

फोटो कोरड्या मऊ ब्रशने झटका. पाणी, स्पिरिट, ओले फडके काहीही लावू नका. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, त्याचा वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. गडद भागात निळसर चांदीसारखी चमक आलेली असेल तर स्कॅनर ती पांढरट टिपतो. असा फोटो दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे ठेवून कॅमेऱ्याने घ्या. दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर (चमक अडवणारे फिल्टर) आडवे-उभे लावले तर चमक जवळजवळ नाहीशी होते.

सहा बाय चार इंचांच्या प्रिंटला ६०० डीपीआय पुरे (३६०० बाय २४०० पिक्सेल होतात), त्याहून छोट्या प्रिंटला १२००. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत, १६ बिट आणि टिफ करा. कारण गिंप या फोटो-संपादनाच्या मोफत प्रोग्राममध्ये कलर्स, कंपोनंट्स, डीकंपोज केले की लाल, हिरवे आणि निळे असे तीन वेगळे कृष्णधवल थर मिळतात. तपकिरी डाग लाल थरात सर्वांत पुसट दिसतात. उलट सगळा फोटोच पिवळा पडून विटला असेल तर निळ्या थरात चित्र जास्त ठसठशीत मिळते. जो थर बरा तो घ्या आणि इमेज, मोड, आरजीबी करून पुढे जा. मोड बदलायचा राहिला तर कोणताही रंग भरला तरी करडाच दिसतो. नवशिक्यांचा पहिला तास बहुधा यातच जातो.

धूळ आणि ओरखडे हील आणि क्लोन टूलने १०० टक्के झूमवर काढा. चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारी एआय साधने इथे वापरू नका. ती डोळे, दात, पापण्या नव्याने बनवतात, आणि समोर येतो तो तुमच्या पणजोबांसारखा दिसणारा दुसराच माणूस.

आधी छटा, मग रंग

ही पायरी सोडली तर पुढची मेहनत वाया जाते. कलर मोडमधला थर (लेयर) फक्त रंग देतो, उजेड-अंधार खालच्या फोटोचाच राहतो. कुंकवाची छटा २५५ पैकी २० (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) असेल तर त्यावर कितीही लाल ओता, ते काळेच दिसणार. म्हणून फोटोच्या प्रतीवर कर्व्हज किंवा डॉज टूलने तेवढाच भाग उजळा: कुंकू ७० ते ९० पर्यंत, सोन्याचा मधला भाग १२० ते १५० पर्यंत. दागिन्यांवरच्या चमकेला हात लावू नका. ऑर्थो फोटोतला चेहरा १५ ते २५ पायऱ्या वर घ्या, ओठ त्याहून थोडे जास्त. डोळ्यांखालच्या आणि गालांवरच्या काळ्या ठिपक्यांना मऊ ब्रशने, अगदी कमी ओपॅसिटीत (पारदर्शक ठेवून) उजळा. त्वचेतला लालसरपणाच तिथे काळा उमटलेला असतो.

रंग भरणे

प्रत्येक वस्तूला वेगळा थर हवा. नवा थर एकाच रंगाने भरा, मोड गिंपमध्ये एलसीएच कलर आणि फोटोशॉपमध्ये कलर ठेवा, थर झाकणारा काळा मास्क लावा आणि हवे तिथे पांढऱ्या मऊ ब्रशने उघडा. नंतर लुगड्याचा रंग बदलावासा वाटला तर फक्त थर नव्याने भरायचा, मास्क तसाच राहतो. गिंपमधला एचएसएल कलर मोड टाळा, त्यात पिवळा आणि निळा यांचा उजेड बिघडतो.

मागून पुढे या: आधी पडदा, मग कपडे, मग त्वचा, केस, दागिने. स्टुडिओतले रंगवलेले पडदे पुष्कळदा करड्या किंवा तपकिरी छटांतच असत, कारण फोटो तसाही कृष्णधवलच यायचा. त्यावरच्या कमानी आणि झाडे हिरवी-निळी करण्याचा मोह आवरा. फिका तपकिरी-करडा पुरतो, आणि माणसेही उठून दिसतात.

त्वचेत सगळ्यात जास्त वेळ जावा. एकच रंग फासला की चेहरा मातीच्या मुखवट्यासारखा दिसतो. मध्यम सावळ्या वर्णासाठी ह्यू (मूळ रंग) २४, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) ४५ ते ५० टक्के इथून सुरुवात करा. मग वेगळ्या थरावर गाल, नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या आणि बोटांचे पेर यांना ह्यू १० ते १४ चा लालसर हात द्या, ओपॅसिटी २० टक्क्यांच्या आत. कपाळ किंचित पिवळट, पुरुषांच्या दाढीचा भाग किंचित हिरवट-करडा. गडद सावलीत रंग जास्त लालसर हवा, नाहीतर ती राखेसारखी दिसते. तेजाच्या ठिपक्यांवरून रंग जवळजवळ काढून टाका. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा ठेवू नका; फिका गुलाबी-करडा चालतो. एकाच घरातल्या चौघांना एकच वर्ण देऊ नका.

त्वचेचा रंग केसांच्या रेषेच्या थोडा आत जाऊ द्या आणि केसांचा थर त्यावर घ्या, म्हणजे भांगाजवळ करडी किनार राहत नाही. मास्कची कड फोटोच्या कडेइतकीच मऊ हवी: चेहरा फोकसमध्ये असेल तर १ ते २ पिक्सेल, मागच्या धूसर खुर्चीला ८ ते १०. सगळीकडे एकसारखी धारदार कड ठेवली की कापून चिकटवल्यासारखे दिसते.

पांढरे धोतर आणि टोपी रंगाशिवाय सोडू नका. उजेडात ३ ते ५ टक्के पिवळसर आणि घड्यांच्या सावलीत तितकाच निळसर रंग हवा. हिरव्या लुगड्याशेजारच्या पांढऱ्या सदऱ्याच्या कडेला हिरव्याची अगदी पुसट झाक द्या. कोऱ्या आकाशाला ८ ते १२ टक्क्यांपेक्षा जास्त निळा देऊ नका, आणि क्षितिजाकडे तो विरळ करा.

सगळे झाले की सर्व रंगांचे थर एका गटात घेऊन गटाची ओपॅसिटी ८५ टक्क्यांवर आणा. बहुतेक वेळा इथेच चित्र जागेवर बसते. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पुन्हा बघा. रात्री बरोबर वाटलेला रंग सकाळी भडक दिसतो.

एआयने रंगवायचे असेल तर

डीओल्डिफायसारखी साधने रंगीत फोटो करडे करून त्यांवरून शिकवलेली आहेत. तो करडेपणा माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाशी जुळणारा असतो, ऑर्थो काचेशी नाही. त्यामुळे जुन्या फोटोतले काळे कुंकू त्यांना काळी टिकलीच वाटते. शिवाय खात्री नसते तिथे ती अनेक शक्यतांच्या मधला रंग निवडतात, म्हणून लुगडी आणि कोट तपकिरी-निळसर होतात. आमचे मत असे: छटा दुरुस्त केल्यानंतर एआयचा निकाल वेगळ्या कलर थरात घ्या, त्यातली फक्त त्वचा आणि झाडे ३० ते ४० टक्क्यांत वापरा, कापड आणि दागिने हातानेच करा.

जतन आणि नोंद

मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये, नाव न बदलता ठेवा. फोटोच्या पाठीवरचा मजकूर आणि स्टुडिओचा शिक्काही स्कॅन करा. थरांसह फाइल एक्ससीएफ किंवा पीएसडीमध्ये, पाठवायची प्रत जेपीजीमध्ये. छपाईला मोठा आकार देण्याआधी सहा बाय चारचा मॅट नमुना काढून खिडकीच्या उजेडात बघा. पडद्यापेक्षा कागदावर त्वचा जास्त लाल येते असे दिसले तर सॅच्युरेशन ५ टक्के उतरवा.

रंगीत प्रत फॉरवर्ड होत होत मूळ फोटो म्हणून फिरू लागते. २०२१ मध्ये कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या बळींच्या फोटोंत रंग भरताना काही चेहऱ्यांवर हसूही घातले गेले होते. तिथल्या सरकारने निषेध केला आणि ते फोटो मागे घ्यावे लागले. रंग भरताना चेहऱ्याचा भाव बदलू नका, आणि खालच्या पट्टीत तसेच फाइलच्या मेटाडेटात स्पष्ट लिहा: “मूळ फोटो कृष्णधवल, अंदाजे १९३५. रंग नंतर भरले. लुगड्याचा रंग घरातल्या कापडावरून, पगडीचा वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून, बाकीचे अंदाजाने.”