रंगाआधी जळकी रेघ

लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) कातलेल्या डबीला रंगाचा पट्टा द्यायचा असेल, तर रंग लाकडाच्या रेषांतून पुढे पाझरतो आणि कड फाटकी दिसते. म्हणून पट्ट्याच्या दोन्ही कडांना आधी जळकी रेघ काढा. टोकदार पटाशीने जेमतेम १ मिलिमीटर खोल खाच पाडा, हत्याराचा टेका बाजूला घ्या, खालचा भुसा झाडून टाका आणि लेथ वेगात असताना बारीक पोलादी तार खाचेत दाबून धरा. धूर निघाला की घर्षणाने रेघ काळी होते. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी हव्यातच. बोटांना गुंडाळलेली तार अडकली, तर बोट गेलंच म्हणून समजा.

झाकणाच्या माथ्यासारख्या सपाट तोंडावर तार चालत नाही. तिथे सनमायकाच्या तुकड्याची कड टेकवा, पण मास्क लावून.

हळदूसारख्या फिक्या, बारीक पोताच्या लाकडावर ही रेघ खुलते. गडद शिसवीवर मात्र मेहनत वाया जाते. स्पिरिटमधला रंग पेट घेतो, त्यामुळे आधी जाळणं, मग रंग. ब्रश रेघेच्या आतूनच फिरवा, अगदी कमी ओला ठेवून.