मोत्या, मनी आणि ससा: पावसाळ्यातल्या गोचिडी

आमच्याकडे तिघंही आहेत, म्हणून सांगते. पावसाळ्यात मोत्याला फिरवून आणलं की आधी कान, मग बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची कातडी चाचपायची. गोचीड सापडली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल-तेलाचे प्रयोग नकोत. गोचिडीमुळे एर्लिकिया नावाचा आजार होतो: ताप येतो, कुत्रं अन्नाला तोंड लावत नाही. गोचिडीसाठी मानेवर टाकायचे औषधाचे थेंब वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्या. परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले तर आणूच नका, मनी मोत्याला चाटते आणि मांजराच्या ते जिवावर बेततं. सशाला फिप्रोनिल हे गोचिडीचं औषध वर्ज्य. त्याला दिवसभर सुकं गवत हवं, नाहीतर दात वाढतात. (गाजर म्हणजे खाऊ, जेवण नव्हे!) कुत्र्या-मांजराला रेबीजची पहिली लस वयाच्या तीन महिन्यांनंतर, पुढच्या तारखा डॉक्टर कार्डावर लिहून देतात.