निशिगंधाला नुसती पानंच येतात? या चुका टाळा

निशिगंध लावणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: पानं भरपूर, फुलांचा दांडा एकही नाही, कोणतं खत घालू? खत राहू द्या. आधी सांगा, कंद केवढा लावला होता? सुपारीएवढी पिल्लं, म्हणजे मोठ्या कंदाला चिकटून वाढणारे छोटे कंद, बहुधा पहिल्या वर्षी पानंच काढतात. फुलं हवीत तर अडीच-तीन सेंटीमीटर जाडीचा, दाबल्यावर टणक लागणारा कंद घ्या. तोही दांडा काढायला तीन-चार महिने घेतो. एवढा धीर नसेल तर निशिगंधाच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी चूक पाण्याची, आणि ही बघून माझा जीव तुटतो. शेजारच्या काकूंनी उत्तम कंद आणले, कुंडीत लावले आणि रोज तांब्याभर पाणी सुरू केलं. कोंब येईना म्हणून पाणी वाढवलं, वर शेणाचं पाणीही ओतलं. शेवटी मी कुंडी उपडी केली. खालची बशी तुडुंब, माती चिखल, कंद बोटाखाली पिचत होते. टणक राहिलेले वेगळे काढले, सावलीत सुकवले, वाळू मिसळलेल्या मातीत लावले. ते जगले आणि फुललेही.

कोंब फुटेपर्यंत लागणारा साठा कंदातच असतो. पानं नसताना पाणी खेचणार कोण? मी लावताना एकदा भिजवते, मग पेरभर बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी देते. मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू, कंदावर पाच-सहा सेंटीमीटर माती, आणि बशी काढून टाकलेली.

कोंब आला का, हे उकरून बघू नका. कोवळी मुळं तुटतात.

सावलीत ठेवू नका, निदान सहा तास ऊन हवं. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानंच माजतात. वासासाठी लावत असाल तर प्रज्वलसारखी सिंगल, म्हणजे एकेरी पाकळ्यांची जात घ्या. डबलच्या, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या जातीच्या कळ्या पुष्कळदा अर्धवट उमलतात आणि वासही कमी.

फुलं संपली की पानं छाटणारे तर पुढच्या बहरावरच कात्री चालवतात. फुललेला कंद पुन्हा फुलत नाही हे खरं, पण त्याला चिकटलेली पिल्लं त्याच पानांवर पोसतात. वाळका दांडा तेवढा कापा. पानं आपसूक पिवळी पडली की पाणी तोडा, मग कंद काढून सावलीत सुकवा आणि मोठी पिल्लं वेगळी ठेवा. पुढची लागवड त्यांचीच करायची.