गेंड्या भुंग्यावरचा विषाणू: या चुका टाळा

माड पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या बंदोबस्तासाठीचा ओरिक्टिस विषाणू हे पंपात ओतायचे औषध नव्हे. कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) तो फुकट जातो, तो बहुतेकदा ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी एनपीव्ही हा विषाणू फवारतात, कारण त्या विषाणूभोवती प्रथिनाचे कवच असते. ओरिक्टिसला ते कवच नाही, उन्हात तो टिकत नाही. म्हणून तो भुंग्याच्या पोटातूनच पसरवावा लागतो. प्रयोगशाळेत निरोगी भुंगे विषाणूच्या द्रावणात अर्धा तास ठेवतात आणि असे भुंगे हेक्टरी १० ते १५ सोडतात. पुढे मिलनातून आणि विष्ठेतून लागण पसरते.

भुंगे सकाळी सोडू नका. उजेडात कावळे त्यांना टिपतात. तिन्हीसांजेनंतर, शेणखताच्या खड्ड्याजवळ सोडा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे त्याच आठवड्यात खड्ड्यात कीटकनाशक टाकणे, किंवा शेजारीच गंधसापळा टांगणे. विषाणू पसरवायला सोडलेले भुंगेच त्यात मरतात. सापळे काही आठवडे उतरवून ठेवा.

आठ दिवसांत फरक शोधू नका. लागण झालेला भुंगा लगेच मरत नाही. तो खाणे कमी करतो, मादी अंडी घालायची थांबते. शिवाय आज दिसणारी कातरल्यासारखी झावळ ही, सुई (शेंड्यातली कोवळी झावळ) न उमललेली असताना पडलेल्या भोकाची खूण असते. म्हणून जुन्या झावळ्या मोजू नका. पाडेली (नारळ पाडणारा) वर चढेल तेव्हा कोवळ्या सुईच्या बुडाशी ताजा चोथा आहे का, एवढेच त्याला पाहायला सांगा.

विषाणू रुजला का, हे भुंगा चिरून कळते. निरोगी भुंग्याचे आतडे बारीक, तपकिरी असते. लागण झालेल्याचे फुगलेले, आत दुधासारखा पांढरा द्रव. हिरवी भुकटी चढलेली अळी दिसली, तर ते मेटारायझियम बुरशीचे काम, विषाणूचे नव्हे. पावसाळ्यात खड्ड्यातल्या अळ्यांसाठी ती बुरशी जरूर वापरा, आणि पडलेले माडाचे खोड कुजत ठेवू नका, अळ्या तिथेच वाढतात.

खोडावरच्या भोकातून तांबूस-तपकिरी रस गळत असेल, तर ती सोंड्या भुंग्याची लक्षणे. त्याच्यावर हा विषाणू चालत नाही. त्या माडावर लगेच वेगळा इलाज करा.