पहिला बेस आणि घरातला अँप : नागपुरात 25 हजारात काय घ्यावं

हल्ली बरेच जण विचारून राहिले की बेस गिटार शिकायचाय, हातात 25 हजाराच्या आसपास आहेत, काय घेऊ. सरळ सांगतो, त्यातले 17-18 हजार बेसवर जाऊ द्या, 5-6 हजार आवाजाच्या सोयीवर, म्हणजे अँप्लिफायर (अँप) वगैरेवर, आणि उरतील ते दीड-दोन हजार सेटअप (बेस वाजवायला नीट जुळवून घेणं), केबल, पट्टा यासाठी आधीच बाजूला काढून ठेवा, त्यांना हात लावायचाच नाही. बहुतेक लोक उलटं करतात, दुकानात मोठा अँप दणकून वाजताना ऐकतात आणि तिथेच पैसे संपतात, मग बेस जो उरेल तो. अँप पुढे कधीही बदलता येतो हो, पण बोटं तयार होणार आहेत ती बेसवर. तारा उंच आणि नेक (तारांखालची लांब दांडी) वाकलेली असेल तर थोड्याच दिवसात मनगट दुखायला लागतं आणि पोरगं समजतं की आपल्याला हे जमणार नाही. अशी किती चांगली पोरं वाद्य सोडून बसतात, फार वाईट वाटतं बघून.

या रेंजमध्ये यामाहाचा टीआरबीएक्स 174, आयबानेझचा जीएसआर 180, कोर्टची अॅक्शन सिरीज, स्क्वायरची सोनिक सिरीज ही नावं समोर येतील, भाव वरखाली होत असतात त्यामुळे त्या दिवशीचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारा. यातला कुठलाही चालेल, नावापेक्षा समोर ठेवलेला पीस कसा आहे ते महत्त्वाचं. पाच तारांचा मोह नको, खालची बी तार साधारण 31 हर्ट्झची असते, स्वस्त बेसवर ती तार बहुतेकदा ढिली ढिली वाजते आणि छोट्या अँपमधून तर ती नीट निघतच नाही. चार तारा, ई ए डी जी, बस.

पी आणि जे यावरून लय डोकं खातात लोक. फेंडर कंपनीचा प्रिसिजन (पी) आला 1951 मध्ये आणि जॅझ बेस (जे) 1960 मध्ये, आजचे बरेचसे स्वस्त बेस याच दोघांवरून बेतलेले आहेत. पी चा आवाज जाड आणि भरलेला, जे चा जरा मोकळा आणि टोकदार. हाताच्या दृष्टीने फरक असा की नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) जॅझची नेक साधारण 38 मिलिमीटर रुंद असते आणि जुन्या पद्धतीच्या पी ची 41-42, लहान पंजा असेल तर हा फरक लगेच कळतो. वर सांगितलेल्यातल्या यामाहामध्ये दोन्ही पद्धतींचे पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबक) असतात, म्हणजे पीजे, पहिल्या बेसला ते बरं पडतं. स्केल, म्हणजे मोकळ्या वाजणाऱ्या तारेची लांबी, सहसा 34 इंच असते. बारा-तेरा वर्षांचं मूल असेल किंवा पहिल्या फ्रेटपर्यंत (नेकवरची धातूची आडवी पट्टी) हात ताणावा लागत असेल तर 30 इंचाचा शॉर्ट स्केल घ्या, स्क्वायरचा ब्रॉन्को तसा आहे, त्यात कमीपणा काही नाही.

आता दुकान. बर्डीत म्हणा किंवा सदरला, आधी फोन करून विचारा की बेस आहे का, कारण अकूस्टिक गिटार आणि कीबोर्ड भिंतभर असतात, बेस एखाद-दुसरा. येत नसेल वाजवायला तर वाजवणाऱ्या मित्राला सोबत न्या, पण पुढच्या गोष्टी तुम्ही स्वतःच बघायच्या. आधी ट्यून करून घ्या, मोबाईलवर ट्यूनर अॅप आहेच. मग जाड ई तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर दाबा आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर, आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी बघा, तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट पाहिजे. फट खूप असेल तर नेक पुढे वाकली आहे, अजिबात नसेल तर मागे, ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवून दोन्ही दुरुस्त होतं, पण दुकानदाराला तिथेच करून दाखवायला सांगा. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, हो सगळ्या, वेळ लागतो आणि दुकानातला पोरगा कंटाळतो, कंटाळू दे. कुठे खरखर येते का, कुठे सूर चटकन मरतो का ऐका, जी तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास असा मेलेला सूर बऱ्याच बेसवर असतो, थोडा असेल तर चालेल, एकदमच दबत असेल तर दुसरा पीस मागा. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतो का बघा. नेकच्या कडेवरून तळवा फिरवा, फ्रेटची टोकं टोचायला नकोत. नॉब फिरवताना कर्रकर्र नको. आणि शेवटी पट्टा लावून उभं राहा, हात सोडा, नेक खाली झुकत असेल तर डावा हात कायम तिला सांभाळण्यातच अडकेल.

अॅक्टिव्ह बेस (आतच आवाज वाढवणारं सर्किट असलेला) असेल तर त्यात 9 व्होल्टची बॅटरी असते, वाजवून झालं की केबल काढायची, बहुतेक बेसमध्ये केबल लावलेली असली की बॅटरी जळत राहते.

अँपचं बोलू. बेसची ई तार 41 हर्ट्झची, गिटारच्या ई पेक्षा बरोबर एक सप्तक खाली. तबल्यात डग्ग्याचं जे काम तेच बँडमध्ये बेसचं, आणि एवढा खालचा आवाज काढायला स्पीकरला बरीच हवा ढकलावी लागते. म्हणून गिटारचा अँप, घरचा म्युझिक सिस्टीम यावर जोरात बेस वाजवू नका, हळू आवाजात एकवेळ ठीक, जोरात स्पीकर फाटतो. घरातल्या रियाजाला 15 ते 25 वॅटचा बेस अँप पुरे, स्पीकर 8 इंचाचा असेल तर उत्तम, साडेसहाचा असेल तर खालचा सूर कमी आणि त्याच्या वरच्या छटाच जास्त ऐकू येतात. हेडफोनचं भोक आणि ऑक्स इन (मोबाईल जोडायचं भोक) हे दोन हवेतच, गाणं लावून सोबत वाजवता आलं पाहिजे ना. फेंडर रंबल 25 छान आहे पण या बजेटच्या बाहेर जातो. माझं मत विचाराल तर फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी बेससाठीचा हेडफोन अँप घ्या, व्हॉक्सचा अँपप्लग बेस सरळ गिटारच्या जॅकमध्ये बसतो, सोबत बरा वायरवाला हेडफोन. ब्लूटूथ नको, आवाज उशिरा येतो आणि ताल बिघडतो.

अँपच घेतला तर फरशीवर ठेवू नका, मनीष नगर-बेसा साइडला फ्लॅटच्या स्लॅबमधून खालच्या काकूंच्या घरात फक्त धमधम जाते. स्टुलावर, खाली जाड घडी घालून ठेवा, कानाच्या जवळ येतो आणि आवाज कमी ठेवूनही नीट ऐकू येतं. जुन्या घरात अर्थिंग तपासून घ्या. तारांना हात लावला की गुणगुण कमी होणं नॉर्मल आहे, पण हाताला झिणझिण्या आल्या तर ताबडतोब बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, यात हलगर्जीपणा नको.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात 45 डिग्रीत बंद गाडीत बेस ठेवायचा नाही, आणि घरात कूलरच्या झोतात तर मुळीच नाही, त्या ओल्या हवेने तारा गंजतात आणि कूलर बंद झाला की परत कोरडं, नेक हलत राहते. कूलरच्या दिवसात आणि पावसाळ्यानंतर एकदा नेक बघून घ्या. वाजवून झालं की सुती कापडाने तारा पुसा, बेसच्या तारांचा सेट महाग असतो, पुसलेला सेट खूप टिकतो.

सेकंड हँड मिळत असेल तर त्याच पैशात एक पायरी वरचा बेस येतो. हॉस्टेल रिकामे व्हायच्या सुमारास, मे-जूनमध्ये, जाहिराती बघत राहा. दिवसा जा, अँपला लावून ऐका, आणि विकणाऱ्यासमोर ट्रस रॉड पाव फेरा फिरतो का ते बघा, तो अडकलेला असेल तर कितीही स्वस्त असू दे, परत या.