राखीव नांगर दोरासकटच ठेवा

बामणोली-तापोळ्याकडे शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, बोट चालवायला नव्याने येणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. इंजिन चालू करणं, बोट काठाला लावणं तुम्हाला येतं, असं धरून चालतो. राखीव नांगराचं मात्र कुणी बसवून शिकवत नाही. "आहे की मागच्या खणात" म्हटलं की विषय संपतो.

घात तिथेच होतो. नांगर एका खणात, दोर वासोट्याला निघालेल्यांच्या सॅकखाली आणि शॅकल, म्हणजे नांगर-साखळी जोडायची पिनवाली लोखंडी कडी, पान्यांच्या डब्यात. इंजिन बंद पडलंय, पहिला नांगर बुडालेल्या खोडात अडकून दोर तुटलाय आणि वळवाचा वारा सुटलाय. बोट ताशी 3 किलोमीटरने वाहत असली तरी मिनिटाला 50 मीटर सरकते. अशा वेळी ओल्या बोटांनी शॅकलची पिन आट्यांत बसत नाही. ती हातातून निसटून फळ्यांखालच्या पाण्यात जाते आणि किनाऱ्याचे खडक जवळ येत असताना ती चाचपत बसावं लागतं. म्हणून नांगर, 3-4 मीटर साखळी आणि दोर ही जोडणी कायम तयार ठेवा. पिन पान्याने आवळा आणि तिच्या भोकातून तार ओवून पिळा, नाहीतर इंजिनाच्या हादऱ्यांनी ती सैल होते.

दोराचं दुसरं टोक सगळ्यात आधी बोटीच्या पुढच्या कडीला बांधा. हे विसरलात तर नांगर, साखळी, दोर सगळं डोळ्यांदेखत तळाला. टोक बांधलं की दोर क्रेटमध्ये थरावर थर सोडत भरा. वेटोळी घालू नका, ओढताना त्यांचा गुंता होतो. साखळी वर येऊ द्या.

घाबरू नका, एकदा जुळणी केली की महिन्याला दहा मिनिटांचं काम उरतं.

क्रेट खाली, मध्यरेषेवर. नांगर दोन पट्ट्यांनी बांधा, पण सुरगाठीने. जुन्या नावाड्यांना खोडं आणि बुडालेले बांध कुठे आहेत ते पाठ असतं, त्यांच्या मागे लागून ते शिकून घ्या. त्यांच्या निरगाठी मात्र उचलू नका, ओल्या झाल्या की त्या सुटता सुटत नाहीत.

गोणीत दगड भरून भागवणं मला अजिबात पटत नाही. आपल्या काळ्या दगडाचं वजन पाण्यात सुमारे एक तृतीयांशाने घटतं, आणि तो तळ धरत नाही, नुसता घसरतो.

दोर 12 मिलीमीटरचा नायलॉनचा घ्या. तो ताणला जातो आणि लाटेचा झटका सोसतो. तरंगणारा स्वस्त पिवळा दोर पंख्यात जातो. पाणी 6 मीटर खोल आणि बोटीचं नाक 1 मीटर उंच असेल, तर 7 च्या पाचपट, म्हणजे 35 मीटर दोर सोडा. वारा असेल तर सातपट, 49 मीटर. पावसाळ्यानंतर भरलेलं धरण मे महिन्यापर्यंत बरंच उतरतं, तेव्हा खोली दरवेळी नव्याने मोजा.

नांगर मागून कधीही टाकू नका. बोटीची पाठ वाऱ्याकडे होते आणि लाटा सरळ आत येतात. खोडांच्या भागात नांगराच्या मागच्या टोकाला वेगळा बारीक दोर बांधा, खोलीपेक्षा 2 मीटर जास्त, आणि त्याच्या वरच्या टोकाला रिकामा 5 लिटरचा कॅन. नांगर अडकला तर पुढून ओढायचं नाही, कॅनपाशी जाऊन सरळ वर उचलायचा.