नव्या प्रकल्पाचा वाहतूक अहवाल कसा तपासावा

नवे गृहसंकुल, मॉल किंवा गोदाम येणार असले की त्याच्या वाहतूक अहवालात एक वाक्य हमखास असते: ‘रहदारीत केवळ ५ टक्के वाढ होईल.’ एवढ्यावर परवानगीचा निर्णय घेऊ नका. खरा प्रश्न आहे, चौक आज किती भरलेला आहे.

आधी अभ्यासाची हद्द पाहा. प्रकल्पाच्या फाटकासमोरचा रस्ता सगळेच घेतात. दोन चौक पलीकडची नेहमीची कोंडी मात्र नेमकी हद्दीबाहेर राहते. गर्दीच्या तासाला तीसेक नवी वाहने जिथे पोचतील, तो चौक अभ्यासात हवाच, असा ढोबळ नियम ठेवा. आधीच तुंबणारा चौक असेल, तर त्याहून कमी वाहनांनाही घ्या.

मोजणी मंगळवार ते गुरुवारमधल्या दिवशी, शाळा सुरू असताना करावी. मॉल असेल तर शनिवारची संध्याकाळही मोजावी. दर १५ मिनिटांची, प्रत्येक वळणाची आणि वाहनप्रकाराची नोंद वेगळी हवी. पायी चालणारे आणि सायकलीही मोजायच्या.

इथे सर्वांत महागात पडणारी चूक होते. मोजणारा थांबरेषेवर उभा राहून चौक ओलांडणारी वाहने मोजतो. चौक तुंबलेला असेल तर हा आकडा मागणीचा नसतो, चौकाच्या क्षमतेचा असतो. मागे अडकलेली वाहने त्यात येतच नाहीत आणि कोंडीचा चौक कागदावर बरा दिसतो. म्हणून रांगेची लांबी दर ५ मिनिटांनी नोंदलेली आहे का, ते पाहा. रांग वाढत गेलेली दिसली, तर मोजणी रांगेच्या शेपटाशी करून मागा.

पुढे नव्या फेऱ्यांचा अंदाज; वाहनाचे एकदा आत येणे किंवा बाहेर जाणे म्हणजे एक फेरी. तो सदनिकांच्या संख्येवर किंवा दर १०० चौरस मीटर बांधकामावर काढतात आणि त्यामागे किती फेऱ्या धरायच्या, हा दर तशाच चालू प्रकल्पांच्या मोजणीतून घेतात. ‘तशाच’ या शब्दावर अडून बसा: रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या संकुलाचा दर गावाबाहेरच्या संकुलाला चालत नाही. जागेवरच्या जुन्या वापराची वाहने वजा केली असतील, तर तो वापर खरोखर चालू होता का, ते विचारा. पेट्रोल पंपावर किंवा दुकानात येणारी काही वाहने त्याच रस्त्याने आधीच जात असतात. ती रस्त्याच्या हिशेबातून वजा होतात, फाटकावरच्या वळणांतून नाही.

आता आकडे मांडून पाहू. २०० सदनिका, सकाळच्या तासाला प्रत्येकी ०.५ फेरी धरली तर १०० वाहने: ८० बाहेर, २० आत. जवळच्या वाहतूक बेटाच्या चौकातून तासाला २,००० वाहने जातात, म्हणजे वाढ ५ टक्के. पण ती ८० वाहने एकाच बाजूने चौकात शिरणार आहेत. त्या बाजूची क्षमता तासाला ८०० आणि आजची वाहने ६४०, म्हणजे भार (वाहने भागिले क्षमता) ०.८०. नवी धरून ७२०, भार ०.९०. साध्या रांगेच्या गणिताने (भार भागिले एक वजा भार) सरासरी रांग ४ वाहनांवरून ९ वर जाते. प्रत्येक वाहनाला ६ मीटर धरले तर २४ मीटरची रांग ५४ मीटर होते. मागे ४० मीटरवर दुसरा फाटा असेल, तर तोही बंद पडतो. ही सरासरी झाली. वाईट मिनिटांतली रांग याहून लांब असते. सिग्नल नसलेल्या चौकात भार ०.८५ च्या वर गेला की अहवाल बारकाईने तपासायचा, तो यासाठीच.

तुलना ‘आज’ आणि ‘प्रकल्पानंतर’ अशी नको. प्रकल्प सुरू होण्याचे वर्ष आणि त्यापुढची ५ ते १० वर्षे घेऊन ‘प्रकल्पाविना’ व ‘प्रकल्पासह’ अशी हवी. मंजूर झालेले पण न बांधलेले शेजारचे प्रकल्प दोन्हींत धरलेले असावेत. ते बहुतेकदा गळतात. मग प्रत्येक विकासक आपापल्या अहवालात तीच शिल्लक क्षमता वापरतो.

उपायांत आधी फेऱ्या कमी करणारे पाहा: बसथांब्यापर्यंत सलग पदपथ, मर्यादित पार्किंग. मग फाटकाची जागा, मग सिग्नलच्या वेळा आणि शेवटी रुंदीकरण. सिग्नलच्या वेळा बदलून सुटले असे लिहिले असेल, तर एका बाजूला दिलेला हिरवा वेळ कोणाकडून काढला ते तक्त्यात शोधा. पुष्कळदा तो पायी ओलांडणाऱ्यांचा असतो.

मंजुरीच्या अटीत काम कोण करणार, कोणाच्या पैशाने आणि कितव्या सदनिकेचा ताबा देण्याआधी, हे तिन्ही लिहून घ्या. ‘योग्य वेळी’ असे शब्द चालू देऊ नका. लोक राहायला आल्यावर वर्षभराने त्याच चौकात पुन्हा मोजणी आणि वाहने अंदाजापेक्षा जास्त निघाली तर करायचे काम, हेही त्याच अटीत घाला.